गाठी आणि झावळी

ऐन दिवाळीच्या अंकात फाल्गुन-चैत्राच्या गोष्टी सांगायला बसणे म्हणजे चकलीच्या ताटात कैरीचे पन्हे वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण दिवाळी आली की आमच्या भंडाऱ्याच्या घरी शेजारपाजारून फराळाची ताटे येतात, आणि ताट घेऊन आलेली एखादी नवी सूनबाई हटकून विचारते, "मॅडम, तुमची दिवाळी म्हणजे नाताळ ना?" मी हो म्हणते. नाताळ साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याची चांदणी आता दुकानादुकानांतून टांगलेली असते. आमचा खरा मोठा सण मात्र उन्हाच्या झळा सुरू होताना येतो आणि शेजारच्या आळीला पत्ता न लागता निघून जातो. तो म्हणजे ईस्टर, आमच्या मराठीत पुनरुत्थानाचा सण.

पत्ता लागत नाही याला एक कारण त्याची तारीख. ती दरवर्षी पळते. इ. स. 325 साली निकाया येथे ख्रिस्ती धर्माध्यक्षांची मोठी परिषद भरली आणि हा सण सर्वांनी एकाच रविवारी पाळावा असे ठरले. पुढे रूढ झालेला नियम असा: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. त्यामुळे ईस्टर 22 मार्चच्या अलीकडे येत नाही आणि 25 एप्रिलच्या पलीकडे जात नाही. माझ्या आईने या नियमाचे कधीच मराठीकरण करून टाकले आहे. "होळीची नाहीतर हनुमान जयंतीची पुनव सरली, की आपला रविवार." चर्चचे कोष्टक आणि आपले पंचांग यांत कधीकधी फरक पडतो, पण आईचा हिशेब बहुधा जमतो. 2023 साली हनुमान जयंती 6 एप्रिलला, गुड फ्रायडे 7 ला आणि ईस्टर 9 ला आला. 2024 साली तर झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी, 24 मार्चला आली. त्या दिवसाची हकीकत पुढे सांगायचीच आहे.

या सणाला चंद्र चिकटला तो यहुद्यांच्या सणामुळे. त्या सणाला मराठी बायबलात जो शब्द आहे, तो वर्गात सांगताना मला फार आनंद होतो: वल्हांडण. 'ओलांडणे'चाच हा सख्खा भाऊ. बोलण्यातून तो केव्हाच गेला, पण आमच्या पोथीत सुखरूप बसून आहे. तसाच दुसरा शब्द 'मंडळी'. तुम्ही लोकांना मंडळी म्हणता, जुने लोक बायकोला मंडळी म्हणत. आम्ही मात्र चर्चमधल्या समाजाला मंडळी म्हणतो. कॉलेजात नवी लागले तेव्हा "रविवारी मंडळीत जायचं आहे" असे मी म्हटल्यावर सहकाऱ्यांनी भिशीची मंडळी समजून वर्गणी किती ते विचारले होते!

भंडाऱ्यात स्कॉटिश मिशन आले 1882 साली. चर्च, शाळा, दवाखाना, शिस्त हे सगळे त्या साहेबांनी आणले. पण एक गोष्ट त्यांनी फारशी आणली नाही, ती म्हणजे सण. स्कॉटलंडच्या त्या कडक पंथाला सणांचे कौतुक नव्हते. खुद्द तिकडे नाताळची सार्वजनिक सुटी मिळायला 1958 साल उजाडावे लागले. मग आमच्या घरचा हा सण आला कोठून? माझे उत्तर असे, की तो आमच्या पणजीने आणि तिच्या बरोबरीच्या बायकांनी इथल्याच सामानातून उभा केला. आणि ते सामान काय आहे हे पाहिले, की कोणी "तुमचे सण बाहेरचे" असे म्हटल्यावर मला वाद घालावासाच वाटत नाही.

झावळ्यांच्या रविवारी येशू यरुशलेमेत शिरला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचे स्वागत केले. आता भंडाऱ्यात नारळ कोठले? इकडे तळे आहे, धान आहे, मोह आहे, माड नाही. म्हणून आमच्या हाती शिंदीची पाने आली. ज्या शिंदीचे झाडू वळतात तीच शिंदी घेऊन आमची मुले गात जातात. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात, बाहेर ऊन रणरणत असते, आणि पेटी-तबल्यावर 'उपासना-संगीता'तली पदे चाललेली असतात. त्यांत नारायण वामन टिळकांची पदे आली की आई पुस्तक मिटून ठेवते. तिला ती पाठच आहेत. हे फुलामुलांचे कवी 1893 च्या सुमारास राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नागपुराहून राजनांदगावला जाणारी गाडी आमच्या वरठीच्या, म्हणजे भंडारा रोड स्टेशनावरूनच जाते. ती भेट कोणत्या स्टेशनाच्या आसपास झाली असेल यावर आमच्या घरी एकमत नाही. आई अर्थातच वरठी सोडायला तयार नाही.

तीन वाजता उपास सुटतो तो पेजेवर आणि भाजलेल्या मोहफुलांवर. ईस्टरची अंडी म्हणून आता शहरात चॉकलेटची मिळतात. आमची कोंबडीची असतात. होळीला भिजवलेल्या पळसफुलांचा रंग पणजी राखून ठेवी आणि त्यात अंडी उकडी. रंग चढे फिकट केशरी. मग कांद्याच्या सालींनी तो गडद करायचा. ही अंडी घेऊन मुले तळ्याच्या पाळीवर जात आणि उतारावरून लोटत. ज्याचे शेवटपर्यंत फुटत नाही तो जिंकला. हा खेळ मात्र अस्सल स्कॉटलंडचा. कोण्या मडमेने शिकवला असावा. धर्मगुरूंना सण नको असला तरी बायकामुलांना खेळ हवाच असतो, मग देश कोणताही असो.

आता 2024 च्या त्या रविवाराकडे येते.

माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा वैनगंगेकाठच्या गावी राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाने त्यांच्याशी पाणी तोडले. दोन घरे झाली. एक पिढी गेली तरी एका घरचा माणूस दुसऱ्या घरी पाणी पीत नसे. पुढे माझ्या आजोबांच्या वेळी, एका होळीला, तिकडचा चुलतभाऊ मोहफुलांची टोपली आणि मुलांसाठी साखरेच्या गाठी घेऊन दारात उभा राहिला. "पोरायले देजो," एवढेच म्हणाला आणि ओट्यावर बसला. आजीने पाणी पुढे केले. तो प्यायला. त्या दिवसापासून होळीला तिकडून टोपली येते आणि ईस्टरला इकडून डबा जातो. डब्यात रंगवलेली अंडी, नानकटाई आणि पुरणपोळ्या. पुरणपोळीचा ईस्टरशी संबंध काय, असे पुण्याची माझी नणंद विचारते. संबंध इतकाच, की तिकडच्या घरी त्या आवडतात.

ते टोपली आणणारे चुलतआजोबा गेले. त्यांचे चिरंजीव, आमचे तात्या, आता ऐंशीच्या पुढे आहेत. टोपली त्यांनी चालू ठेवली. पण 2024 च्या होळीआधी आठ दिवस त्यांच्या नातवाचा फोन आला. पोरगा सभ्य आहे, शिकलेला आहे. बोलला तेही सभ्यपणेच. "आत्या, आता दिवस वेगळे आहेत. गावात लोक विचारतात. हे येणं-जाणं थोडं कमी केलं तर बरं." मी आईला सांगितले. आई म्हणाली, "टोपली तात्या पाठवतात. त्यांनी सांगू दे." आणि नानकटाईला तूप किती लागेल ते मोजायला लागली.

रविवारी सकाळी चर्चमधून आलो. आईने शिंदीची पाने देवळीत उभी केली आणि दाराशी खुर्ची घेऊन बसली. टोपली एरवी दहाच्या आत येते. दुपार झाली. जेवताना ती दोनदा उठली. माझी मुलगी म्हणाली, "आजी, फोन करू का?" आईने मान हलवली. फोन करून मागितलेली टोपली ही टोपली नव्हे, हे तिला सांगावे लागले नाही. संध्याकाळी आळीतली होळी पेटली. पोरे बोंबा मारू लागली, धूर आमच्या अंगणात आला, आणि आई उठून आत गेली.

साडेनऊला दाराशी मोटरसायकल थांबली. नातूच होता. टोपली मागे सुतळीने बांधलेली. गाडी बंद न करताच त्याने ती सोडली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "आजोबा जेवलेच नाहीत. म्हणे आधी हे पोचव." आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. "आजी, उशीर झाला," तो म्हणाला. आई काही बोलली नाही, तांब्या धरून उभी राहिली. तिचा हात थोडा थरथरतो. पाणी सांडू लागले तसा त्याने तो घाईने हातातून घेतला, आणि घेतलाच म्हणून उभ्याउभ्या प्यायला. मग गेला.

त्याच्या पुढच्या रविवारी, 31 मार्चला, आम्ही पहाटे चारला कबरस्तानात गेलो. ईस्टरच्या पहाटे आम्ही आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. आठवडाभर आधी त्या झाडून, चुना लावून ठेवलेल्या असतात. वडिलांच्या कबरीच्या पलीकडे, कुंपणाबाहेर, मोहाचे मोठे झाड आहे. उजाडायच्या आधी फुले गळतात आणि बायका टोपल्या घेऊन वेचायला येतात. आत आमच्या बायका मेणबत्त्या घेऊन, बाहेर त्या टोपल्या घेऊन. पाळकसाहेब शुभवर्तमानातला भाग वाचत होते: पहाटे अंधार असतानाच बाया कबरेकडे गेल्या. कुंपणापलीकडची एक म्हातारी वेचता वेचता थांबून तो ऐकत राहिली. वाचन संपल्यावर पुन्हा वाकली.

दुपारी डबा गावाला गेला. न्यायला माझा भाऊ गेला होता. तात्यांना भेटून आला, नातू घरी नव्हता. डबा मात्र लगेच परत आला नाही. आई विचारत नव्हती, पण मांडणीतली त्याची जागा तिने दुसऱ्या डब्याला दिली नाही. एप्रिल गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात बाजाराला आलेल्या गावच्या एका बाईबरोबर डबा आला. घासलेला, आणि रिकामा नव्हे. तळाशी दोन मुठी नवी चारोळी होती, कागदात बांधलेली. तात्यांना डोळ्यांनी दिसत नाही, चारोळी फोडणे त्यांच्याकडून होणार नाही. ती कोणी फोडली, कोणी बांधली, हे त्या बाईला सांगता आले नाही. आईने कागद उलगडला, एक दाणा तोंडात टाकून पाहिला, आणि रात्री खीर केली.