रिकामपणचे उद्योग : बगळ्याची सायकल

माझ्या वडिलांची सायकल पाच दिवस कृष्णेच्या पाण्यात होती. गोष्ट २०१९ च्या ऑगस्टमधली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. आम्ही माणसे, कागदपत्रे, देव आणि गॅसच्या टाक्या एवढे माडीवर नेले. जिन्याखालच्या सायकलची आठवण झाली ती पाणी तिच्या हँडलला लागल्यावर. पूर ओसरल्यावर जे हाती आले ते सगळे चिखलाने लिंपलेले होते, आणि त्या चिखलातून चेनच्या चक्रातला बगळा तेवढा मान वर काढून उभा होता.

बगळा कोणता, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. नव्यांसाठी सांगतो. इंग्लंडात नॉटिंगहॅमला तयार होणाऱ्या रॅले सायकलच्या मोठ्या चक्रात बगळ्यांची नक्षी कोरलेली असे. आमची रॅले वडिलांनी १९५५ साली साताऱ्यात एका बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्याकडून जुनी म्हणून घेतली. त्या वेळी सातारा होता उत्तर सातारा जिल्ह्यात आणि सांगली होती दक्षिण साताऱ्यात. पुढे वडिलांची बदली झाली, सायकल दक्षिणेत आली, आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नावच सांगली झाले. सायकल मात्र आमच्या घरात शेवटपर्यंत ‘सातारची’ म्हणूनच ओळखली गेली.

अधिकाऱ्याने ती ‘गेल्या वर्षीची’ म्हणून विकली होती. हे खोटे होते, आणि ते उघडकीस यायला साठ-पासष्ट वर्षे आणि एक महापूर लागला. मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चरचा हब आहे. हे हब बनवणारे लोक सत्यवादी. ते हबच्या पाठीवर जन्मसाल ठोकून ठेवीत. चिखल पुसल्यावर ५२ आणि ५ असे आकडे दिसले. म्हणजे मे १९५२. वडील हयात असते तर म्हणाले असते, “जाऊ दे, माणूस चांगला होता.”

माझा भाचा इंजिनिअर आहे. त्याने सायकल पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. “मामा, ही आपण नवीकोरी करू. वाळूच्या फवाऱ्याने सगळा रंग उडवायचा आणि वरून पावडर कोटिंग. शोरूममधून काढल्यासारखी दिसेल!” जुन्या सायकलींचे वेड हल्ली तरुणांतही पुष्कळ आहे, आणि ते चांगलेच आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीसैनिकांसाठी केलेली, मधोमध दुमडणारी बीएसएची सायकल तिथे पाहायला मिळते. भाचा तिथूनच हे खूळ घेऊन आला होता. पण मला नवी सायकल नको होती. नवी हवी असती तर मी दुकानात गेलो असतो. मला हवी होती ती वडिलांची. काळ्या रंगावर सोनेरी रेघ असलेली, आणि दांडीवर जिथे मी लहानपणी बसत असे तिथला रंग घासून गेलेली.

रंगाचा वाद मी जिंकला. त्या विजयाच्या धुंदीत पुढच्या दोन चुका झाल्या. एक माझी, एक दुसऱ्याची.

माझी आधी सांगतो. आमच्या पुढच्या चाकाच्या हबातच दिव्यासाठी वीज तयार होते. टायरला घासणारा बाटलीएवढा डायनामो वेगळा आणि हा वेगळा. याच्या पोटात एक गोल लोहचुंबक आणि त्याच्या आत तारेच्या वेटोळ्यांचा गाभा असतो. गाभा काढायचाच झाला तर तो निघत असतानाच त्याच्या जागी लोखंडाची कडी सरकवावी लागते. नाही सरकवली, तर चुंबकाचे बळ तिथल्या तिथे उतरते. हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी ठाऊक नव्हते. मला आत शिरलेला चिखल काढायचा होता. मी गाभा ओढला, धुतला, उन्हात वाळवला आणि पुन्हा बसवून चाक फिरवले. दिव्याने काजव्याएवढा उजेड दिला. याच दिव्याच्या उजेडात वडील रात्री वसुलीच्या दौऱ्यावरून घरी येत, आणि आम्हा भावंडांना गल्लीच्या टोकाला उजेड दिसला की आई पाने घेई.

दुसरी चूक पायडलच्या कण्याची. कणा ज्या दोन कपांत फिरतो ते पुराने गंजून गेले होते. उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. सरळ समजून जोर लावला तर तो अधिकच घट्ट होतो. एवढे आम्हा मामा-भाच्यांना माहीत होते. माहीत नव्हते ते हे, की रॅलेने कपाचे आटे स्वतःच्या हिशेबाने पाडले. बाकीच्या बहुतेक इंग्रजी सायकलींना तिथे इंचाला २४ आटे, रॅलेला २६. फरक डोळ्यांना दिसत नाही. एका वर्कशॉपात आम्ही सायकल दिली; तिथल्या मुलाने चोवीसचा नवा कप लांब पान्याने दाबून सव्वीसात घुसवला. बसला. महिनाभर बसला. मग पायडल मारताना कुरकुर सुरू झाली आणि एक दिवस कणा डगडगू लागला. कप हातानेच बाहेर आला आणि त्याबरोबर लोखंडाचा चुरा.

“आता फ्रेम बदलायला हवी,” वर्कशॉपवाल्याने शांतपणे सांगितले. फ्रेम बदलली की उरले काय? घंटी?

तेव्हा साताऱ्याची आठवण झाली. राजवाड्यामागच्या एका बोळात वडील ज्यांच्याकडे जात त्या मिस्त्रींचा मुलगा अजून दुकान चालवतो, असे कळले. मुलगा म्हणजे सत्तरीचा. भाच्याने सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवली आणि आम्ही निघालो. वाटेत किर्लोस्करवाडी स्टेशन लागले. भाच्याला म्हटले, “हा जो कारखान्यांचा पसारा तू पाहतोस, त्याचे मूळ सायकलच्या दुकानात आहे.” त्याला ते खरे वाटेना. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये असताना तिथून सायकली घेऊन बेळगावला धाडीत. तिथे त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. १८८८ सालच्या त्या दुकानातून पुढे लोखंडी नांगर निघाला आणि १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर ही वाडी वसली. “म्हणजे,” भाचा म्हणाला, “त्यांनाही आधी कुणाच्या तरी सायकली दुरुस्त कराव्या लागल्या असतील.” पोरगा अगदीच वाया गेलेला नाही.

चाचांनी सायकल पाहिली. हाताने नव्हे, आधी नुसती पाहिली. मग चक्रावरचा बगळा अंगठ्याने पुसला.

“मास्तर, बुडाली त्याचं काय न्हाय. लोखंड हाय, पान्यानं लगेच मरत न्हाय. बुडल्यानंतर मानसानं काय केलं ते सांगा.”

मी कपाची हकिगत सांगितली. त्यांनी टॉर्च मारून आत पाहिले. बाहेरच्या दोन-तीन फेऱ्या चिरडल्या होत्या. आतले आटे शाबूत होते. मग त्यांनी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात जुने कप, कोन, कॉटरपिना, छर्रे. सगळे वडिलांच्या काळापासून जपलेले. भाच्याने विचारले, “हे खराब झालेले कप कशाला ठेवलेत?” चाचा हसले. कपाची छर्र्यांची वाट झिजली तरी त्याचे आटे झिजत नाहीत, आणि सव्वीस आट्यांचा कप आज मागून मिळत नाही.

त्यातला एक झिजका कप त्यांनी घेतला आणि ग्राइंडरवर त्याच्या आट्यांना आडव्या चार खाचा पाडल्या. कपाचेच हत्यार झाले. तेल सोडून ते अर्धी फेरी आत, पाव फेरी बाहेर, असे फिरवू लागले. खाचांत चुरा जमे, तो ब्रशने काढायचा, पुन्हा तेल. दीड तास हे चालले होते. चिरडलेले आटे पूर्ववत झाले नाहीत, पण वाट सापडली. मग डब्यातला त्यातल्या त्यात बरा सव्वीसचा कप त्यांनी हातानेच फिरवत फिरवत मुळापर्यंत नेला. पान्याला हात शेवटच्या फेरीला लावला. नवे पाव इंची छर्रे, दोन्हीकडे अकरा-अकरा, ग्रीसमध्ये रोवले. आपल्याकडे ओव्हरहॉलिंगला ओव्हरऑइलिंग म्हणतात; तो शब्द चुकीचा आहे असे मी वर्गात मुलांना सांगत असे. यापुढे सांगणार नाही.

भाचा बोळात एक चक्कर मारून आला. “दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात टाकताना मध्येच पायडल रिकामे फिरते.” चाचा खाली बसले. मागच्या नटाला एक भोक असते. दुसरा गिअर लावायचा आणि त्यातून पाहायचे. साखळीच्या दांड्याचा खांदा कण्याच्या टोकाशी बरोबर जुळला पाहिजे. केबल सैल होती. अर्धी फेरी आवळली. “बघ आता. हे तुला जमंल. मला बोलवायचं न्हाय.” भाचा भोकाला डोळा लावून बसला आणि चाचांनी केबल मुद्दाम पुन्हा सैल केली, त्याला स्वतः आवळता यावी म्हणून.

टायरचा प्रश्नच आला नाही. विलायतेतले शौकीन ज्या ‘अठ्ठावीस दीड’ टायरसाठी शोधाशोध करतात, तो समोरच्या दुकानात टांगलेला होता.

निघताना चाचांनी पुढचे चाक उचलले आणि हाताने जोरात फिरवले. दिवा लागला, तांबूस, काजव्याएवढा. त्यांनी चाक थांबवले.

“हे कुनी उघडलं हुतं?”

“मी,” मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. दिव्याची काच फडक्याने पुसली आणि भाच्याकडे वळून म्हणाले, “अंधार पडायच्या आत घरी जात जा.”