भाजक्या लादीला घाई चालत नाही

पावसाळा ओसरू लागला की फरशीविषयी विचारणा सुरू होते. यंदा धुळे-जळगावकडच्या वाचकांनी भाजक्या मातीच्या बिनचकाकीच्या लादीबद्दल, म्हणजे दुकानदार जिला टेराकोटा म्हणतात तिच्याबद्दल विचारले आहे. कोणी घरकुलाची खोली करीत आहे, तर कोणाच्या वस्तीत विहाराचे काम निघाले आहे. दोघांनाही आम्ही उलट एकच प्रश्न विचारतो : तुमची तीन-चार महिने थांबण्याची तयारी आहे का? नसेल तर शहाबादी बसवा आणि मोकळे व्हा.

शहरातले काही लोक हल्ली सारवलेल्या जमिनीचे फार कौतुक करतात. ज्यांच्या आया-आज्यांनी दर आठ दिवसांनी गुडघ्यांवर बसून आपले घर सारवले, आणि वर मालकाचे अंगणही सारवले, त्यांना ते कौतुक कसे पटावे? भाजकी लादी या कष्टातून सुटका करते, पण ती नीट बसवून तेलाने बंद केली तरच. कोरी ठेवली तर ती तेल-हळदीचे डाग पिऊन घेते, आणि ते घासायला पुन्हा घरातल्या बाईलाच गुडघ्यांवर बसावे लागते. म्हणून मिस्त्रीवर सारे सोपवून पुरुषमंडळींनी बाजूला होऊ नये.

लादी निवडताना आम्हाला विनयपिटकातला धनिय आठवतो. राजगृहाच्या या कुंभारपुत्र भिक्षूची गवताची कुटी लोकांनी तीनदा मोडून नेली. तेव्हा त्याने सगळी मातीचीच कुटी घडवली आणि गवत, लाकूड, शेण रचून ती भाजून काढली. कुटी लाल झाली आणि घंटीसारखी वाजू लागली. तथागतांनी मात्र ती मोडायला लावली, कारण त्या जाळात बारीक जीव होरपळले होते. ती करुणा आपण विसरू नये; वीटभट्टीवर लेकराबाळांसह राबणारी माणसे तर आपल्यातलीच आहेत. पण धनियाचे काम पक्के होते, आणि लादीची पारख आजही तीच आहे. दोन लाद्या एकमेकींवर वाजवाव्यात. खणखणीत वाजली ती भाजलेली, बद्द वाजली ती कच्ची. चांगल्या विटेने २४ तासांत आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये असे धरतात. लादीने त्याहून कमीच प्यावे. एक लादी किराणा दुकानातल्या काट्यावर कोरडी आणि भिजवून तोलून पाहा.

दहा बाय बारा फुटांच्या खोलीला ९ इंची लाद्या सांध्यासह दोनशेच्या आसपास लागतात. फूटतुटीसाठी वीस जास्त घ्याव्यात.

खानदेशात खरा घात करते ती काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी हलते. ती खोदून काढून मुरूम भरावा, तोही एकदम न टाकता सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून आणि धुमस करून. मुरुमावर जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर तीन-चार इंच काँक्रीट टाकावे. प्लॅस्टिकचा खर्च वाचवू नका. खालची ओल वर चढली की लोणा येतो आणि मग कोणतेही तेल त्यावर टिकत नाही. काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारावे, नंतर निदान महिनाभर ते सुकू द्यावे. सुकले की नाही ते पाहायला दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. खाली दव जमले तर अजून थांबा.

काश्मीरमध्ये श्रीनगरजवळ हारवन येथे एका प्राचीन बौद्ध स्थळाच्या उत्खननात भाजक्या लाद्यांची सुंदर फरसबंदी सापडली आहे. त्या लाद्यांवर खरोष्ठी लिपीतले अंक आहेत. कोणती लादी कुठे बसवायची, हे गवंड्याला कळावे म्हणून ते घातलेले असावेत. ही युक्ती आपणही करावी. हाताच्या लाद्या सारख्या मापाच्या नसतात, रंगातही फरक असतो. आधी सगळ्या कोरड्याच मांडून पाहाव्यात आणि पाठीवर खडूने आकडे घालावेत. विहाराचे काम असेल तर आकडे घालायला मुलांना बसवा. त्यांना या कामाची फार हौस असते.

बसवण्यापूर्वी लाद्या पाण्यात बुडवाव्यात आणि बुडबुडे थांबले की उभ्या करून निथळाव्यात. कोरडी लादी मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि मग पोकळ वाजू लागते. दोरी आणि पाणसळ लावून मोरीकडे उतार द्यावा. सांडलेले सिमेंट लगेच ओल्या फडक्याने पुसावे. मिस्त्री नंतर ॲसिड मारू म्हणेल तर साफ नाही म्हणावे; त्याने माती खाल्ली जाते आणि क्षार वाढतात. सांधे त्याच दिवशी भरू नयेत. लाद्या दोन-तीन आठवडे सुकवून त्यांच्या तोंडावर तेलाचा एक पातळ हात मारावा, मग सांधे भरावेत, म्हणजे सिमेंटचा पांढरा पट्टा लादीत मुरत नाही. मधल्या काळात लोणा दिसलाच तर कोरड्या ब्रशने झाडावा. धुतला तर पुन्हा येतो.

तेल म्हणजे जवसाचे. मात्र घाण्याचे नव्हे, रंगाच्या दुकानात मिळते ते उकळलेले. ते खाण्याचे नाही, मुलांपासून दूर ठेवावे. पहिल्या हाताला निम्मे टर्पेंटाइन मिसळावे. दारे-खिडक्या उघडी ठेवावीत, चूल विझवावी. वीस मिनिटांनी न मुरलेले तेल पुसून काढावे, नाही तर फरशी चिकट होते. एक दिवस मध्ये सोडून असे दोन-तीन हात द्यावेत. पाण्याचा थेंब लादीवर तसाच उभा राहिला की पुरे. व्हार्निश लावू नये, त्याचे पापुद्रे निघतात.

वर्षावासात तेलाचे काम धरूच नये. आश्विनी पौर्णिमेनंतर लाद्या बसवाव्यात आणि माघ-फाल्गुनात तेल द्यावे. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा अशी फरशी पायाला बरी वाटते. ओसरीवरच्या लाद्या कोऱ्या ठेवल्या तर पाणी शिंपडल्यावर त्या माठासारख्या गार होतात. पण बोअरचे पाणी जड असेल तर पांढरे डाग पडणारच, हे धरून चालावे. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आणि मोरीत आम्ही तरी शहाबादीच घालू.

रोज पुसताना फडके घट्ट पिळून घ्यावे. भिक्षूंनी विहाराची तयार केलेली जमीन कशी पुसावी, तेही विनयात असेच सांगितले आहे. वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेच्या आधी, मेणाचा एक हात द्यावा.

आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना गरम होते आणि असा बोळा काडी न लावताही पेट घेतो. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, मिस्त्रीच्या पोरालाही.