मोटर पाणी ओढत नाही

फेब्रुवारी सरला की बीड जिल्ह्यातल्या विहिरींचे पाणी खाली जाऊ लागते, आणि त्याच सुमारास घराघरांत एक तक्रार सुरू होते. मोटर चालू आहे, आवाज करते आहे, पण पाणी उचलत नाही. मग फिटर येतो, फूटव्हॉल्व्ह बदलतो. तरीही पाइप कोरडाच म्हटल्यावर कोणीतरी सल्ला देते, ‘तीनची काढा, पाचची बसवा.’ हाती पैसा नसेल तर अम्मीच्या बांगड्या गहाण पडतात आणि पाच एचपीची मोटर येते. तीही पाणी उचलत नाही. विहिरीत पाणी मात्र समोर दिसत असते.

या घरांचा पैसा वाया जातो त्याचे कारण बहुतेक वेळा मोटरीत नसते, हवेत असते. म्हणून या महिन्यात आम्ही हवेच्या दाबाबद्दल लिहीत आहोत.

वर बसवलेली मोटर पाणी ओढते, असे आपण म्हणतो. खरे तर ती सक्शन पाइपातला दाब तेवढा कमी करते. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचे ओझे असतेच. पाइपातला दाब कमी झाला की हे बाहेरचे ओझे पाण्याला पाइपात वर ढकलते. मुले नळीने सरबत पितात तेव्हाही हेच घडते. तोंडाने नळीतला दाब कमी होतो आणि ग्लासातल्या सरबतावरची हवा बाकीचे काम करते.

आता या हवेचे बळ किती? समुद्रकिनारी एक चौरस सेंटिमीटर जागेवर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, वरच्या सगळ्या हवेचे साधारण 1033 ग्रॅम ओझे असते. तेवढ्याच जाडीच्या एक मीटर उंच पाण्याच्या खांबाचे वजन 100 ग्रॅम भरते. हिशोब सरळ आहे. हवा पाणी 10.33 मीटर, म्हणजे जवळजवळ 34 फूट तोलून धरू शकते. त्यापुढे नाही, मग मोटर तीनची असो की पन्नासची.

हे कोडे जुने आहे. अल-जझरी यांनी 1206 साली आपल्या यंत्रांच्या ग्रंथात सक्शन पाइप असलेला दोन सिलिंडरांचा पंप चित्रांसह समजावून सांगितला होता. पंप चालत होते. पाणी वर का चढते, याचे बरोबर उत्तर मात्र 1644 च्या सुमारास इटलीतल्या टोरिचेली यांनी दिले. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असे त्यांचे म्हणणे. मग वर गेल्यावर हे ओझे कमी व्हायला हवे. फ्रान्सच्या पास्कल यांनी 1648 मध्ये आपल्या मेव्हण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्वी द डोम डोंगरावर पाठवले. माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर खाली उतरलेला दिसला.

आपल्याकडे कापसाची गंजी सगळ्यांनी पाहिली आहे. तळाचा कापूस वरच्या भाराने दबून घट्ट होतो, वरचा भुसभुशीत राहतो. हवेचेही तसेच. खालच्या थरात ती दाट असते, म्हणून सुरुवातीच्या प्रत्येक 100 मीटर चढणीला त्या नखाएवढ्या जागेवरचे ओझे 11-12 ग्रॅमने घटते. पुढे हवा विरळ होत जाते तशी ही घट मंदावते. बीड शहर समुद्रसपाटीपासून साधारण 515 मीटर उंच आहे. इथे ओझे 970 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाणी चढण्याची हद्द 9.7 मीटर, 32 फूट. बालाघाटावर 750 मीटर उंचीच्या शिवारात ती 31 फुटांपर्यंत येते. गोदाकाठच्या सखल गावांना थोडी सवलत आहे, इतकेच. घरातले कोणी सौदीत ताइफला असेल तर त्यांना विचारा. ते शहर जवळजवळ 1900 मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळते आणि कुकरशिवाय डाळ लवकर शिजत नाही. कारण हेच.

बातम्यांत ‘कमी दाबाचा पट्टा’ आला म्हणून मोटर बंद पडली, असेही काही जण म्हणतात. त्या पट्ट्याने आपल्याकडे फरक पडला तरी तो काही बोटांचा. मोटरीला त्याची झळ नाही.

ही 31-32 फुटांची हद्दही कागदावरची. फूटव्हॉल्व्हमधले, पाइपातले, कोपऱ्या-कोपऱ्यावरचे घर्षण, जोडातून शिरणारी बारीक हवा आणि मोटरीची स्वतःची गरज वजा केली तर 20-22 फुटांवरच भरवसा ठेवावा. चोरीच्या भीतीने मोटर काठावरच्या खोलीत ठेवणारे पुष्कळ आहेत. शहरात काही घरांत तर हौद तळघरात आणि मोटर गच्चीवर असते! भीती खोटी नाही, पण पाणी 30 फुटांवर गेले की अशी मोटर निरुपयोगीच.

वर ढकलण्याला मात्र हवेची हद्द लागू नाही. तिथे मोटरीची ताकद चालते. पाण्यात बुडवलेली सबमर्सिबल म्हणूनच खोल बोअरमधून पाणी आणते. ती परवडत नसेल तर आहे तीच मोटर विहिरीतल्या टप्प्यावर पाण्याच्या जवळ उतरवावी आणि डिलिव्हरी पाइप लांबवावा. बांगड्यांपेक्षा पाइप खूप स्वस्त पडतो. उतरवताना वीज मेन स्विचवरून बंद करावी आणि एकट्याने विहिरीत उतरू नये.

नवी मोटर घेण्याआधी दोरीला दगड बांधून माप घ्या. ते विहिरीच्या काठापासून नव्हे, मोटर जिथे बसली आहे तिथपासून पाण्यापर्यंत घ्यायचे, आणि मार्चमधले नव्हे, मे महिन्यातल्या पाण्याचे धरायचे.