घरात अहिराणी, कागदावर मराठी: मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं?

नागपंचमीनंतरच्या रविवारी थेरगाव, वाकड, चिंचवडमधल्या अनेक खानदेशी घरांत कानबाई बसते. रोट होतात, रात्रभर गाणी होतात आणि ती अहिराणीत असतात. एरवी याच घरांत आजी विचारते, "तुनं जेवण झायं का?" आणि नातू उत्तर देतो, "हो आजी, झालं." भाषा त्याला कळते. बोलायची वेळ मात्र त्याच्यावर फारशी येत नाही.

धुळे, जळगाव, नंदुरबारमधून आणि नाशिकच्या बागलाण-मालेगाव पट्ट्यातून कारखान्यांतल्या कामासाठी आलेल्या या कुटुंबांना लवकरच एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. जनगणनेची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. प्रगणक विचारेल, मातृभाषा कोणती?

मागच्या वेळी काय झालं?

२००१ च्या जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली २०.७५ लाख लोक मोजले गेले होते. अहिराणी याच गटात येते. २०११ मध्ये हा आकडा १८.६० लाखांवर आला. दहा वर्षांत दोन लाखांहून अधिक घट! त्याच काळात धुळे जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांवरून साडेवीस लाखांवर गेली आणि मराठी मातृभाषा सांगणारे ७.१९ कोटींवरून ८.३० कोटी झाले. माणसं कमी झाली नाहीत, मग भाषा कुठे गेली? बऱ्याच जणांनी मातृभाषा 'मराठी' सांगितली असावी, हे सगळ्यात पटणारं उत्तर आहे.

त्यात खोटं काही नाही. शाळा मराठीत झाली, अर्ज मराठीत भरले आणि अहिराणी म्हणजे 'गावाकडचं बोलणं' असंच लहानपणापासून ऐकलं.

पण ती मराठीची बोली आहे की वेगळी भाषा?

यावर एकमत नाही. 'तुझं नाव काय आहे?' हे अहिराणीत 'तुनं नाव काय शे?' होतं. 'ळ' जाऊन 'य' येतो, म्हणजे डोळा होतो डोया. 'ना-नी-नं' हे प्रत्यय गुजरातीची आठवण करून देतात. जॉर्ज ग्रियर्सनने आपल्या भाषा सर्वेक्षणात मराठीला वेगळा खंड दिला आणि खानदेशीला १९०७ च्या खंडात भिल्ली भाषांसोबत ठेवलं. आपल्याकडे मात्र ती मराठीची बोली म्हणूनच शिकवली जाते. (बहिणाबाईंच्या कविता अहिराणीत आहेत असं अनेकांना वाटतं. ती लेवा गणबोली आहे.)

असाच वाद युरोपात अरोमानियन भाषेबद्दल आहे. ग्रीस, अल्बानिया, उत्तर मॅसेडोनिया, रोमानिया अशा देशांत विखुरलेल्या या भाषेला रोमानियात अनेक अभ्यासक रोमानियनची बोली मानतात, तर बोलणाऱ्यांपैकी अनेकांना ते मान्य नाही. उत्तर मॅसेडोनियातल्या क्रुशेवो नगरपालिकेत तिला अधिकृत स्थान आहे. १९९७ मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने तिच्या रक्षणासाठी शिफारस केली. म्हणजे वाद सुटायची वाट कुणी पाहिली नाही.

आपल्या जनगणनेतही वाद सुटलेला नसतो, तिथे फक्त वर्गवारी होते. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषांची १९,५६९ नावं सांगितली. छाननीनंतर त्यांच्या १२१ भाषा उरल्या. यात बंजारा समाजाची लमाणी हिंदीत मिसळली गेली, सांगणारे ३२ लाखांहून जास्त असूनही. अहिराणीचं नशीब त्या मानाने बरं. तिच्यासाठी 'खानदेशी' हा स्वतंत्र रकाना आधीच आहे.

'अहिराणी' सांगितल्याने उद्या थेरगावात अहिराणी शाळा निघणार नाही आणि मराठीचा अभिजात दर्जाही कमी होणार नाही. यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना कोट्यवधी व्ह्यूज मिळतात, पण ते जनगणनेत धरले जात नाहीत. तिथे घरातल्या प्रत्येकाची मातृभाषा वेगळी नोंदवता येते. आजीची अहिराणी आणि नातवाची मराठी, असंही चालतं.