आधी नाडी, मग औषध



घरातला संगणक एखाद्या दिवशी नीट सुरू होत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी घरात काय घडते? कोणी पुनःपुन्हा बटण दाबतो, कोणी डब्याला थापट मारतो आणि शेवटी कोणीतरी निकाल देतो, "गेला संगणक!" मग दुरुस्तीवाल्याकडे धाव घेतली जाते. ही घाई मला योग्य वाटत नाही.

चांगले हकीम रोग्याला पाहताच औषधाची पुडी बांधून देत नाहीत. आधी ते नाडी पाहतात, चार प्रश्न विचारतात. संगणकाचीही नाडी पाहता येते. त्यासाठी तो सुरू कसा होतो, एवढे माहीत हवे. बटण दाबले की प्रथम सर्व भागांना वीज मिळते. मग मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये साठवलेला छोटा प्रोग्राम जागा होतो. रॅम आणि इतर महत्त्वाचे भाग ठीक आहेत का, हे तो तपासतो. वर्गात शिक्षक हजेरी घेतात, तसेच हे! त्यानंतर तो डिस्क शोधतो आणि तिच्यावरची विंडोज किंवा लिनक्स ही प्रणाली रॅममध्ये आणण्यास सुरुवात करतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्येही अशी हजेरी होत असे. सर्व ठीक असले, की तो एकदाच लहानसा 'बीप' आवाज करी.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : गाडी कोणत्या स्थानकावर अडली?

दिवाच लागत नसेल, तर त्या सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहा. वायर घट्ट बसली आहे का, डब्यामागचे बटण चालू आहे का, हे तपासा. पंखा फिरतो पण पडदा काळा आहे, तर पडद्याची स्वतःची वीज आणि त्याची केबल पाहा. बीप ऐकू येत असतील, तर ते मोजा. त्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो माहितीपुस्तिकेत मिळतो. पुष्कळदा रॅमची पट्टी जागेवरून किंचित हललेली असते. 'बूट करण्याजोगी डिस्क नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर आधी लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढून पाहा. संगणक कधी कधी त्यालाच डिस्क समजून बसतो. तारीख दर वेळी चुकत असेल, तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा चपटा सेल संपला असण्याचा संभव आहे. आणि विंडोज सुरू होता होता थांबत असेल, तर काल कोणता नवा प्रोग्राम घातला, ते आठवा. 'सेफ मोड'मध्ये विंडोज अगदी मोजक्या गोष्टी घेऊन सुरू होते. तेथून तो प्रोग्राम काढून टाकता येतो.

एक नियम मात्र पाळा. एका वेळी एकच बदल करा आणि काय केले, ते वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशात होता, हे कधीच कळणार नाही. पायरीपायरीने उत्तर काढण्याच्या रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकातील बगदादचे थोर गणिती अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला आहे. ही रीत आपल्याला परकी नाही!

काही वडीलमंडळी म्हणतील, "मुलांनी यंत्राला हात लावू नये." त्यांची भीती अगदीच खोटी नाही. वीज पुरवणारा बंद डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा भार शिल्लक राहू शकतो. रॅम बसवायची असेल, तर प्लग काढून, मोठ्या माणसाच्या देखतच बसवा. पण पाहणे, ऐकणे, संदेश वाचणे आणि लिहून ठेवणे यात कसला धोका? हे काम मुलगा करू शकतो, तशी मुलगीही करू शकते.

यात केवळ पैशांचा प्रश्न नाही. "फॉरमॅट करावे लागेल," असे कोणी म्हटले की आपण मान डोलावतो. पण फॉरमॅट केल्यावर भावाचा नोकरीचा अर्ज, अम्मीच्या शिवणकामाचा हिशेब, दादाजानचे एकुलते एक छायाचित्र, सारे जाऊ शकते. दोष सैल वायरचा आणि पुसली डिस्क, म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! म्हणून होकार देण्यापूर्वी विचारा, "आमच्या फाइल राहतील का?" डिस्क शाबूत असेल, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून फाइल बहुधा काढून घेता येतात. आणि महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत आजच वेगळ्या जागी ठेवा. डिस्क खरोखरच बिघडली, तर तीच कामी येईल.

दुरुस्तीवाल्याकडे जाऊच नका, असे माझे म्हणणे नाही. जरूर जा, पण वही घेऊन जा. 'दुरुस्त' हा शब्द तुम्ही उर्दूत रोज वापरता. त्याचा अर्थ नीट, बरोबर असा आहे. यंत्र दुरुस्त करायचे, तर आधी आपला विचार दुरुस्त हवा. जो नीट पाहतो आणि नेमके सांगतो, त्याला सहसा कोणी फसवू शकत नाही.