अग्निबाण पडला तरी चालेल, मंच टिकला पाहिजे



अग्निबाणाचे उड्डाण पाहताना आपणां सर्वांची नजर वर लागलेली असते. तो किती उंच गेला, सरळ गेला की कलला, एवढेच आपण पाहतो. आज मात्र मी तुम्हांला खाली पाहावयास सांगणार आहे. ज्या मंचावरून अग्निबाण उडतो, त्या मंचाचे काय होते? माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. चाचणी-उड्डाणात अग्निबाण पडला तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण मंच फुटला, तर तो तयारीतला दोष समजला पाहिजे.

न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शिकला आहात. इंजिने तप्त वायू जोराने खाली फेकतात, म्हणून अग्निबाण वर जातो. मग तो खाली फेकलेला वायू कोठे जातो? तो जातो मंचावर! पावसाळ्यात कौलारू घराच्या पागोळ्यांखाली काय होते ते आठवा. एकाच जागी पाणी पडून पडून अंगणात खड्ड्यांची रांग तयार होते. म्हणून शहाणा घरमालक तेथे फरशीचा तिरपा तुकडा ठेवतो. पाणी तेवढेच पडते, पण आता ते खणत नाही. घसरून बाजूला वाहून जाते.

अग्निबाणाच्या मंचाखाली हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर करतात. अमेरिकेत फ्लोरिडामधील ३९-ए हा मंच पाहा. चंद्राकडे निघालेले सॅटर्न-५ अग्निबाण येथून उडाले. त्यांचा रेटा सुमारे ३,४०० टन होता. मंचाच्या मधोमध सुमारे १३७ मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि १३ मीटर खोल असा चर आहे. त्यात पाचरीच्या आकाराचा ज्वाला-विक्षेपक बसविलेला असे. वरून आलेल्या ज्वाळा त्या उतारावरून वळून दोन्ही टोकांनी बाहेर पडत. ही जागा समुद्रकाठची आणि दलदलीची आहे. तेथे खोल खणावे तर पाणी लागते. म्हणून बांधणाऱ्यांनी चर जमिनीच्या पातळीवर बांधला आणि भोवती मातीचा व काँक्रीटचा टेकाड उभारला. जमीन खाली जाऊ देईना, तेव्हा त्यांनी मंचच वर उचलला!

दुसरा उपाय पाण्याचा. १२ एप्रिल १९८१ रोजी 'कोलंबिया' या अवकाशयानाचे पहिले उड्डाण झाले. घन इंधनाचे अग्निबाण पेटताच निर्माण झालेली दाबाची लाट मंचावर आपटून उलट फिरली आणि यानालाच धडकली. यानाच्या उष्णतारोधक फरशांपैकी काही निखळल्या, कित्येकांना इजा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या दुसऱ्या उड्डाणापूर्वी तेथील पाण्याची योजना सुधारण्यात आली. मंचाजवळच्या उंच टाकीत सुमारे ११ लाख लिटर पाणी असे आणि ते सुमारे ४१ सेकंदांत ओतले जाई. पाण्याचे असंख्य थेंब आवाजाची आणि उष्णतेची शक्ती शोषून घेतात. मंचाचे रक्षण म्हणजे अखेर अग्निबाणाचेच रक्षण, हे या प्रसंगातून दिसून आले.

आता २०२३ सालाकडे येऊ. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ, बोका चिका नावाचा समुद्रकिनारा आहे. स्पेसएक्स या कंपनीने तेथे 'स्टारशिप' हा प्रचंड अग्निबाण उभा केला. त्याच्या खालच्या टप्प्याला ३३ इंजिने आहेत आणि त्यांचा एकत्रित रेटा सॅटर्न-५ च्या दुपटीहून अधिक आहे. एवढ्या बलाढ्य अग्निबाणाखाली चर नव्हता, विक्षेपक नव्हता, पाण्याचा जोरदार मारा करणारी योजनाही नव्हती. उंच पायांचा एक चौथरा आणि त्याखाली उष्णता सोसणाऱ्या विशेष काँक्रीटची सपाट जमीन, एवढीच व्यवस्था होती.

२० एप्रिल २०२३ रोजी इंजिने पेटली आणि काँक्रीट उखडले. खालची माती उडाली, मोठा खड्डा पडला, चौथऱ्याचा पाया उघडा झाला. काँक्रीटचे तुकडे समुद्रापर्यंत उडाले. एक ढेप उभ्या असलेल्या रिकाम्या मोटारीवर आदळली. शासनाच्या वन्यजीव विभागाने नंतर पाहणी केली. सुमारे ३८५ एकर क्षेत्रावर तुकडे विखुरले होते, बारीक धूळ सुमारे १० किलोमीटरपर्यंत गेली होती आणि शेजारच्या उद्यानाच्या जमिनीत साडेतीन एकरांवर आग लागली होती. पोर्ट इझाबेल या गावातील घरांवर व मोटारींवरही धूळ बसली. सुदैवाने कोणी माणूस जखमी झाला नाही, आणि अभयारण्याच्या जमिनीवर मेलेले पशुपक्षीही आढळले नाहीत.

हे आधी कळले नसते काय? त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला अग्निबाण जागेवरच बांधून ठेवून ३१ इंजिने पेटविण्यात आली होती. त्या वेळी काँक्रीट टिकले. त्यावरून ते एका उड्डाणापुरते टिकेल असा अंदाज बांधला गेला. पण ती चाचणी सुमारे निम्म्याच जोराची होती! पन्नास किलो धान्याचे पोते पेलणारी खुंटी शंभर किलोही पेलेल, असे आपण म्हणू का? पदार्थ ताण सोसतो, सोसतो आणि एका मर्यादेनंतर एकदम फुटतो. काँक्रीटला एकदा तडा गेला की दाबलेला वायू त्या भेगेत शिरतो आणि थरच्या थर खालून उचलून फेकतो.

आणखी एक गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. पाण्याने थंड राहणारी पोलादी तक्ता-योजना कंपनी अगोदरपासूनच तयार करीत होती. फक्त ती वेळेत पूर्ण झाली नव्हती. म्हणजे उपाय ठाऊक होता, कामही सुरू होते. थांबण्याची तयारी मात्र नव्हती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण अशाच प्रसंगासाठी आहे.

यावर काही जण म्हणतील, "प्रयोग म्हटला की मोडतोड व्हायचीच. मोडून शिकणे हीसुद्धा एक पद्धत आहे." हे मला मान्य आहे. आपल्या एसएलव्ही-३ चे १० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण अयशस्वी होऊन अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचविला. अपयशातून शिकता येते, यात शंका नाही. पण प्रयोगापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो: या प्रयोगात काय मोडले तर चालेल, आणि काय मोडता कामा नये?

माझ्या मते मंच दुसऱ्या यादीत बसतो. याची कारणे तीन.

पहिले कारण वेळेचे. एक अग्निबाण गेला तर दुसरा आणता येतो. मंच गेला तर सर्वच अग्निबाण थांबतात. ३ जुलै १९६९ रोजी सोव्हिएत रशियाचा एन-१ हा चांद्र-अग्निबाण उडताच बंद पडून मंचावरच कोसळला आणि मंच उद्ध्वस्त झाला. पुढचे उड्डाण व्हावयास जवळजवळ दोन वर्षे लागली. त्यानंतर तेथील तंत्रज्ञांनी नियंत्रण-यंत्रणेत बदल केला. पहिली ५० सेकंदे इंजिने आपोआप बंद पडणार नाहीत, अशी तजवीज केली. अग्निबाण पडायचाच असेल, तर तो मंचापासून दूर पडावा!

दुसरे कारण पुराव्याचे. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट पारखावी, असे आपले विज्ञानशिक्षक सांगतात. एप्रिलच्या उड्डाणात काही इंजिने बंद पडली. ती स्वतःच्या दोषाने, की खालून उडालेल्या दगडांनी? तुकड्यांमुळे इंजिनांना विशेष इजा झाल्याचा पुरावा नाही, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. पण जमीन शाबूत राहिली असती, तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

तिसरे कारण शेजाऱ्यांचे. अग्निबाण कंपनीचा, पैसा कंपनीचा, धोकाही तिने पत्करलेला. पण ज्याच्या दारात धूळ पडली त्याला कोणी विचारले होते? किनाऱ्यावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना तर विचारताही येत नाही. दुसऱ्याच्या अंगणात ज्याचे तुकडे पडतात, तो प्रयोग केवळ आपला राहत नाही.

पुढे काय झाले ते पाहा. पोलादी तक्ता बसला, त्याच्या छिद्रांतून पाण्याचे फवारे वर उसळू लागले आणि १८ नोव्हेंबर २०२३ रोजी दुसरे उड्डाण झाले. या वेळी ३३ ही इंजिने पेटली. अग्निबाणाचे दोन्ही भाग आकाशात नष्ट झाले, पण मंच शाबूत राहिला. पहिल्या दोन उड्डाणांत सुमारे सात महिन्यांचे अंतर पडले होते. तिसरे उड्डाण चार महिन्यांच्या आत, १४ मार्च २०२४ रोजी झाले. अग्निबाण दोन्ही वेळा गेला. फरक मुख्यतः जमिनीत होता. त्याच जागी पुढे बांधलेल्या दुसऱ्या मंचाला कंपनीने ज्वाळांसाठी चर ठेवला, हे विशेष.

अर्थात चर बांधला की काम संपले, असेही नाही. ३१ मे २००८ रोजी 'डिस्कव्हरी' यान उडाले, तेव्हा त्याच ३९-ए मंचाच्या चराच्या भिंतीतील सुमारे साडेतीन हजार उष्णतारोधक विटा उखडून फेकल्या गेल्या होत्या. बांधकाम १९६० च्या दशकातले होते. प्रत्येक उड्डाणानंतर मंचही तपासावा लागतो.

हे सारे आपल्याही कामाचे आहे. श्रीहरिकोटा येथे तिसरा प्रक्षेपणमंच बांधण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली. पुढच्या पिढीचे, अधिक मोठे अग्निबाण तेथून उडावयाचे आहेत. खर्चाचा आकडा ३,९८४ कोटी रुपयांहून अधिक आहे. एवढा पैसा जमिनीवर कशाला, असे कोणी विचारले तर त्याला बोका चिकाचा खड्डा दाखवावा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा!

आणि तुमच्यापैकी जे उद्या अभियंते होतील, त्यांना एक विनंती. पुढील उड्डाण दूरदर्शन संचावर पाहाल, तेव्हा पहिली पाच सेकंदे वर पाहू नका. ज्वाळा कोठून वळतात, पाणी कधी सुटते, वाफ कोणत्या बाजूने बाहेर पडते, ते पाहा. अग्निबाणाचे काम तेथूनच सुरू होते.