कफील बदलला, हिशेब शून्यावर

आमच्या बागवान घरांतून परदेशी जायचे दोन रस्ते आहेत. एक मंडईच्या गाळ्यावरून दम्मामला जातो, दुसरा हिंजवडीतून फ्रँकफर्टला. धाकटे चाचा पहिल्या रस्त्याने गेले, मी दुसऱ्या. चाचांनी सौदीत १९ वर्षं क्रेन चालवली, मी जर्मनीत चार वर्षं कोड लिहिला. म्हातारपणी मला दोन देशांकडून पेन्शन मिळेल. चाचांना एकाही देशाकडून नाही. ते आज पुन्हा मंडईत कांदे-बटाटे तोलतात.

यात माझी हुशारी काही नाही. दोन सरकारांनी एका कागदावर सह्या केल्या, म्हणून माझी चार वर्षं वाचली. जर्मनीत पेन्शनचा हक्क लागायला किमान पाच वर्षं वर्गणी भरावी लागते, आपल्याकडे ईपीएस-९५ मध्ये दहा वर्षं. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार पात्रता ठरवताना दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजतात आणि प्रत्येक देश आपापल्या वर्षांपुरती पेन्शन देतो. म्हणजे कुणी पुण्यात सहा आणि जर्मनीत चार वर्षं केली, तर दोन्ही अटी पुऱ्या होतात. परत येताना माझ्या ओळखीचे बरेच जण म्हणत होते, भरलेले पैसे काढून घे. काढता येतात, पण फक्त आपला अर्धा हिस्सा. मालकाने भरलेलं तिथेच राहतं आणि ती वर्षं कायमची पुसली जातात.

कंपनीने पुण्याच्याच पगारपत्रकावर ठेवून पाठवलं असेल, तर पीएफ कार्यालयाकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ घ्यायचं. मग जर्मनीत ४८ महिन्यांपर्यंत दुसरी कपात होत नाही. स्थानिक करारावर गेलात, तर वर सांगितलेला हिशेब.

भारताने असा पहिला करार बेल्जियमशी केला, तो २००९ पासून लागू आहे. त्यानंतर फ्रान्स, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशी यादी वाढत गेली. अमेरिकेशी नाही. तिथे पेन्शनला साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते आणि एच-वन-बी व्हिसा एरवी सहा वर्षांचा, म्हणून तिथून परतणाऱ्या इंजिनिअरचे पैसे तिथेच राहतात. त्याबद्दल आमच्या क्षेत्रात भरपूर आरडाओरडा होतो. पण आखाती सहा देशांत सुमारे ९० लाख भारतीय राबतात, आणि त्यातल्या एकाही देशाशी आपला असा करार नाही.

याला एक सोपं उत्तर दिलं जातं: तिथे परदेशी कामगारांना पेन्शनच नाही, मग करार कशाचा करणार? उत्तर खरं आहे, अर्धं. सौदीत पेन्शन सौदी नागरिकांना. बाहेरच्याला नोकरी संपल्यावर एकरकमी ग्रॅच्युइटी. पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे अर्धा पगार, त्यापुढे वर्षामागे पूर्ण पगार. शेवटचा पगार १,५०० रियाल धरला, तर एकाच मालकाकडे १९ वर्षांचे २४,७५० रियाल होतात, म्हणजे पाच-सहा लाख रुपये. आता तीच १९ वर्षं तीन मालकांकडे काढली, सात, सहा आणि सहा. प्रत्येक वेळी मोजणी पहिल्यापासून, अर्ध्या पगाराने. पगार तोच धरला तरी रक्कम १७,२५० वर येते. आणि नोकरी स्वतःहून सोडली असेल, तर पाच ते दहा वर्षांच्या सेवेला दोनतृतीयांशच मिळतं, म्हणजे ११,५००. माणूस तोच, क्रेन तीच, घामही तोच. फक्त कफील बदलला.

मालक बदलला म्हणून कामगाराची वर्षं बुडू नयेत, हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा सोडवलेला आहे. एक हमाल दिवसात पाच दुकानांची पोती उचलतो, मग त्याच्या म्हातारपणाला जबाबदार कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याने सांगितलं, मंडळ. दुकान कुठलंही असो, मजुरी आणि लेव्ही मंडळात जमा होते, आणि भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी हमालाच्या नावावर साठत जाते. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला. मंडईतला घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, तिथल्या हमालाला हे सगळं तोंडपाठ असतं. मंडईतून दम्मामला गेलेल्याला मात्र असं मंडळ नाही. आखातात हे अशक्य आहे असंही नाही. दुबईच्या वित्तीय केंद्रात २०२० पासून मालकांना ग्रॅच्युइटीऐवजी दर महिन्याला कामगाराच्या नावे फंडात पैसे भरावे लागतात. बँकेतल्या साहेबाला जे जमतं ते क्रेनवाल्याला का नको?

आपल्या सरकारचंही बघा. इमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या पासपोर्टवर आखातात जाणाऱ्याला विमा सक्तीचा आहे. अपघाती मृत्यू झाला तर १० लाख. जगला आणि म्हातारा झाला तर? त्यासाठी २०१२ मध्ये महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना आणली होती, कामगाराच्या बचतीत सरकार थोडी भर घालणार होतं. फार कुणी नोंदणी केली नाही आणि २०१७ मध्ये ती गुंडाळली. केरळने मात्र २००८ मध्येच कायदा करून प्रवासी कल्याण मंडळ उभं केलं, सभासदाला साठीनंतर पेन्शन मिळते. रत्नागिरी-रायगडची गावंच्या गावं आखाताच्या पैशावर उभी राहिली. असं मंडळ महाराष्ट्रातही झालं पाहिजे. आपल्या आमदाराकडे कब्रस्तानाची भिंत मागायला जातो, तेव्हा हेही मागायला काय हरकत आहे?

तोवर हातात आहे तेवढं तरी सोडू नका. चाकणला चार-पाच वर्षं काम करून आखातात निघालेली पोरं जाण्याआधी पहिलं काम कोणतं करतात? पीएफ काढतात, सोबत फॉर्म १०सी भरून पेन्शनचेही पैसे घेतात. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागता येतं. आखातातली वर्षं त्यात धरली जाणार नाहीत, पण परतल्यावर इथे पुन्हा नोकरी लागली की जुनी चार-पाच वर्षं नव्या सेवेला जोडली जातात. दहा भरली की ५८ व्या वर्षी पेन्शन. ती फार नसते. १५,००० च्या पगारमर्यादेवर दहा वर्षांना महिना २,१४२ रुपये. आमच्या आयटीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट: १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफला लागलात आणि मूळ पगार १५,००० च्या वर असेल, तर तुम्ही ईपीएसमध्ये नाहीच. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात काय दिसतं ते आजच पाहा. आणि एनपीएसचं खातं अनिवासी भारतीयालाही उघडता येतं, दम्मामहूनही त्यात पैसे भरता येतात.